तोंडीलावण्यातली साखर

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माझ्या डाव्या पायाची करंगळी शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत मला मधुमेह आहे, हे मला माहीत नव्हतं.

मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात एकतीस वर्षं काम केलं. त्यातली बहुतेक वर्षं दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासण्यात गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. वय साठ, वजन बेताचं, व्यसन नाही, रोज पहाटे कळंब्याच्या तलावावर चालायला जाणं. हे सगळं मी डॉक्टरांना क्रमवार सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शेवटची रक्ततपासणी कधी केली होती?"

मला वर्ष सांगता आलं नाही.

हा मजकूर रुग्णालयातल्या एकोणीस दिवसांबद्दल आणि नंतरच्या तीन महिन्यांबद्दल आहे. औषधांची नावं मी देणार नाही, ती ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी द्यायची असतात. जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, तेवढं लिहितो.

खडा

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी चालताना माझ्या बुटात खडा शिरला. मला तो कळला नाही. घरी येऊन बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं भिजलेला होता आणि हरभऱ्याएवढा खडा करंगळीला चिकटून बसला होता. जखम दुखत नव्हती. न दुखणारी जखम किरकोळ असते असं समजून मी हळद भरली आणि पट्टी बांधली.

सहाव्या दिवशी सुनंदानं, माझ्या बायकोनं, वास येतोय म्हणून ती पट्टी सोडली. करंगळी काळी पडली होती आणि शेजारचं बोट जांभळं, सुजलेलं होतं.

रुग्णालयात सिस्टरनी बोट टोचून साखर मोजली. आकडा पाहिला, यंत्रातली पट्टी फेकली, दुसरी लावली आणि पुन्हा मोजली. चारशे अठ्ठावीस. मी विचारलं, "किती असायला हवी?" त्या म्हणाल्या, "एवढी न्हाय."

डॉक्टरांनी चादरीवर बोटानं पाऊल काढून दाखवलं. करंगळी वाचणार नव्हती. शेजारचं चौथं बोट वाचेल की नाही, ते आठ-दहा दिवसांत ठरणार होतं.

"कशावर ठरणार?" मी विचारलं.

"जंतूंवर, औषधावर आणि तुमच्या साखरेवर. साखर चढी राहिली तर जखम भरत नाही. जखम भरली नाही तर आम्हाला वर सरकावं लागतं." वर म्हणजे कुठपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही. चादरीवरचं बोट मात्र घोट्यापाशी थांबलं होतं.

आमच्या घरच्या न्हाणीघराला दोन पायऱ्या आहेत. शस्त्रक्रियेआधीचा तासभर मी त्या दोन पायऱ्यांचा विचार करत होतो. भीती वाटली होती का, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. वाटली होती. ती त्या पायऱ्यांएवढी होती.

वॉर्ड

वॉर्डात आठ खाटा होत्या आणि आठही जण पायाच्या जखमेचे होते. सकाळी सहाला बोट टोचायचं, मग इन्सुलिन, मग नाश्ता. नऊला ड्रेसिंग. बाराला पुन्हा टोचणं, इन्सुलिन, जेवण. संध्याकाळी तेच. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत. "आता पट्टी सोडते. आता पाणी घालते. आता जरा ओढंल." एकोणीस दिवसांत त्यांनी एकदाही न सांगता हात लावला नाही. मी ते तेव्हा गृहीत धरलं होतं. आता धरत नाही.

शेजारच्या खाटेवर इब्राहिमभाई होते. त्यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. मधुमेह चौदा वर्षं जुना आणि जखम टाचेला. पहिल्या दिवशीच त्यांनी माझी चौकशी केली.

"काय पावणं, कितवं बोट?"

"करंगळी."

"मग काय, लहान घरातलं हाय. आमची टाच. सगळा वाडाच पडलाय म्हणा की." मी पेपरात होतो हे कळल्यावर त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. शेवटपर्यंत मी 'पेपरवालं' होतो.

जेवण वेळेवर आणि मोजून मिळे. ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, पातळ डाळ, अर्धी वाटी भात, ताक. त्यात दोष काढण्यासारखं काही नव्हतं. पण कोल्हापूरच्या माणसाच्या जिभेला ते लागत नव्हतं. मीठ बेताचं, तिखट जवळपास नाहीच. "पोस्टाचं पाकीट चावल्यागत लागतंय," असं दोन नंबरच्या खाटेवरच्या मुरगूडकडच्या पैलवानकीतून उतरलेल्या गृहस्थांचं मत होतं.

म्हणून प्रत्येक खाटेशेजारच्या कपाटात एक डबी असे. कुणाकडं खर्डा, कुणाकडं कांदा-लसूण चटणी, कुणाकडं शेंगदाण्याची चटणी, कुणाकडं बाटलीतला सॉस. बाराच्या जेवणाला डब्या निघत आणि एकमेकांकडं फिरत. ताट वाढणाऱ्या मावशींना हे माहीत होतं. त्यांचं म्हणणं असं, की जेवण आमचं खातायत ना, मग तोंडीलावणं काय का असंना.

आहारतज्ज्ञ मॅडमनी मला पहिल्या दिवशी एक वही दिली होती. जे खाल ते लिहा, वेळेसकट लिहा. मी ते काम आवडीनं केलं. घास मोजून लिहिले. भाजी कोणती, डाळ किती, ताक पूर्ण प्यायलं की अर्धं. वहीच्या समासात मी साखरेचे आकडेही टिपत होतो.

आक्काची बरणी

शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण मुरगूडहून एसटीनं आली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. वय अडुसष्ट. आमची आई मी सहा वर्षांचा असताना गेली, त्यानंतर मला आक्कानं वाढवलं. तिनं माझ्या पायाकडं पाहिलं नाही. पिशवीतून फडक्यात बांधलेली काचेची बरणी काढली.

"घे. काकवीतलं लिंबू. तुझ्यासाठनं येगळं घातलंतं."

काकवी म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवताना गूळ होण्याच्या आधी काढून घेतलेला दाट पाक. आमच्याकडं ती भाकरीबरोबर खातात. आक्काच्या घरी लिंबाचं लोणचं तिच्यातच मुरवतात, वरून लाल मिरचीची पूड हाताला लागेल तेवढी. त्यामुळं पहिला घास तिखट लागतो आणि दुसराही तिखटच लागतो.

"आक्का, ह्यांना साखर हाय," सुनंदा म्हणाली.

"व्हय, म्हणूनच. ह्यात साखरंचा कण न्हाय. गुऱ्हाळातनं माझ्या म्होरं काढून आणल्याली काकवी हाय. औषिदी."

सुनंदानं बरणी कपाटात ठेवली. मीही ठेवू दिली. साखरेचा कण नाही, हे विधान खरं होतं. एखाद्या बातमीदारानं असं विधान आणलं असतं, तर मी त्याला दुसरा प्रश्न विचारला असता.

दुपारी भातावर लोणच्याचा खार घातला आणि जेवण प्रथमच जेवणासारखं लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटानं असावं. मी बरणी इब्राहिमभाईंना पुढं केली. ते म्हणाले, "तुमच्या आक्काचा हात धरून कुणीतरी थांबवाय पायजे वो. मिरची हाय का तोफ?" आणि दुसऱ्यांदा घेतलं.

वहीत त्या दिवशी मी लिहिलं: भाकरी एक, मेथी, डाळ एक वाटी, भात अर्धी वाटी, ताक. लोणचं लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, लिहिण्याची गोष्ट आहे असं वाटलंच नाही. काय जेवलास, असं कुणी विचारलं तर आपल्याकडं कुणी लोणचं सांगत नाही.

आकडे

पुढचा आठवडाभर साखर उतरली नाही. सकाळी दोनशे साठ-सत्तर, जेवणानंतर तीनशेच्या वर. इन्सुलिन दोनदा वाढवलं, तरी तेच. चौथं बोट जांभळ्याचं करडं झालं. शुक्रवारी डॉक्टर ड्रेसिंगला स्वतः थांबले आणि जाताना म्हणाले, "सोमवारी ठरवू. सुधारणा नसेल तर हेही काढावं लागेल आणि थोडा भाग वरचाही."

त्या दुपारी सुनंदानं माझं कपाट उपसलं. टॉवेल, दाढीचं सामान, वर्तमानपत्रं, सगळं खाटेवर काढलं.

"खरं सांगा. कँटीनमधनं काय मागवतायसा?"

"काही नाही."

"चहात साखर घालून घेतायसा?"

"वही बघ."

"वही तुमीच लिवलीया की!"

एकतीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या लिहिण्यावर पहिल्यांदा शंका घेतली. मी रागावलो, तोंड फिरवून बसलो. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. इब्राहिमभाईंनी तिला हाक मारून सांगितलं, "वहिनी, माझी शप्पत. पेपरवालं कँटीनचं काय बी खात न्हाईत. मी खातो, मला ठाऊक हाय." ती हसली नाही.

कपाट परत लावताना तिनं लोणच्याची बरणी उचलली, पुसली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

ट्रॉली

शनिवारी सकाळी आहारतज्ज्ञ मॅडम आल्या. मूळच्या चंदगडच्या, वय तिशीच्या आत. आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी माझी वही शेवटपासून पहिल्या पानापर्यंत उलटी वाचली.

"एवढंच खाल्लं?"

"एवढंच. शब्द न् शब्द बरोबर आहे."

त्यांनी इब्राहिमभाईंना विचारलं, "चाचा, बरोबर आहे का हे?"

"पेपरवाल्यानं लिवलंय म्हंजे बरोबरच की."

"आणि तोंडीलावणं?"

मग इब्राहिमभाई म्हणाले, "ते काय खाणं व्हय, मॅडम?"

मॅडमनी ड्रेसिंगची रिकामी ट्रॉली मागवली, तिच्यावर कागद अंथरला आणि सगळ्यांना आपापल्या डब्या त्यावर ठेवायला सांगितल्या. आठ खाटांतून अकरा डब्या निघाल्या. कुणाला ओरडल्या नाहीत. एकेक डबी उघडून चमच्याच्या टोकावर घेतली, चाखली आणि दोन रांगा केल्या. खर्डा डावीकडं. कांदा-लसूण चटणी डावीकडं. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची डावीकडं. "मीठ कमी, तेल कमी, प्रमाणात खा. साखरेचा प्रश्न ह्यांचा नाही."

उजवीकडं टोमॅटो सॉसची बाटली गेली. मागं बारीक अक्षरांत छापलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं. "जे सगळ्यात जास्त असतं ते आधी लिहितात. टोमॅटोनंतर लगेच काय आहे? साखर." चायनीजच्या गाडीवर मिळते तसली लाल चटणी उजवीकडं गेली, तेव्हा तिच्या मालकानं हरकत घेतली, "मॅडम, ती तिखट हाय ओ!"

"तिखट आहे म्हणूनच कळत नाही," त्या म्हणाल्या.

इब्राहिमभाईंची खजूर-चिंचेची चटणी उजवीकडं गेली. ते म्हणाले, "खजूर तर आमच्यात रोजा सोडायला खात्यात." मॅडम म्हणाल्या, "एक खातात चाचा. ह्या डबीत चाळीस आहेत."

शेवटी माझी बरणी. त्यांनी चाखलं, ठसका लागला, पाणी प्यायल्या. पुन्हा चाखलं.

"ह्यात गोड काय घातलंय?"

"काकवी."

"किती घेता?"

"एक चमचा."

"एक चमचा?" इब्राहिमभाई उठून बसले. "ओ पेपरवालं, भाताचं तळं करतायसा की! आमी रोज बघतोय."

वॉर्ड हसला. मॅडमनी रिकामी थाळी माझ्यापुढं ठेवली आणि रोज घेतो तेवढं वाढायला सांगितलं. मी वाढलं. त्यांनी ते चमच्यानं मोजून परत बरणीत घातलं. पाच मोठे चमचे. दोन वेळचे दहा.

"गूळ, काकवी, मध, साखर. रक्तात गेल्यावर सगळं एकच," त्या म्हणाल्या आणि वहीच्या कोऱ्या पानावर एक रकाना आखला. डोक्यावर लिहिलं: तोंडीलावणं.

इथं एक गोष्ट नोंदवणं आवश्यक आहे. बरणी आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच, खार चाटताना, मला त्यातली गोडी लागली होती. ती कशाची, हे मला कळलं होतं. मी स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं तर बरणी गेली असती. आणि त्या दिवसांत जेवणाची वेळ सोडली, तर वाट पाहण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

आक्का

आक्का नेमकी त्याच दुपारी आली. येताना दुसरी बरणी घेऊन आली होती. सुनंदानं दारातच तिला सांगितलं.

"गूळ म्हंजे काय साखर व्हय गं?" आक्का म्हणाली. "आमच्यात बाळंतिणीला देत्यात. शेतात राबणाऱ्याला गूळ-पाणी देत्यात. कोण मेलं काय?"

"आक्का, त्यांचं बोट चाललंय. सोमवारी काढणार हाईत."

"माझ्या लोणच्यानं?"

मी म्हणालो, "आक्का, मीच जास्त घेतलं." ते खरं होतं, पण तिच्या कानापर्यंत गेलं नाही. तिनं ट्रॉलीवरची बरणी फडक्यात बांधली, दुसरी पिशवीतून काढलीच नाही. सुनंदानं चहा आणला होता, तो तसाच राहिला. "मी जातो," एवढं बोलून ती निघाली. आमच्याकडं जुन्या बायका जातो, येतो असंच म्हणतात. पण जाताना 'येतो' म्हणतात.

नंतर महिनाभर तिचा फोन आला नाही. मी केला तर भाचा उचलायचा आणि आक्का शेतात गेलीय म्हणायचा.

सोमवार

शनिवारी संध्याकाळपासून वही सुनंदानं लिहिली. तिचं अक्षर मोठं आहे, दोन दिवसांत सहा पानं भरली. इब्राहिमभाईंनी आपली खजुराची चटणी मावशींना देऊन टाकली. "एकट्याला अळणी खायला लावणं बरं दिसत न्हाय," असं त्यांनी कारण दिलं. आम्ही दोघं डावीकडच्या रांगेतला खर्डा बोटाच्या पेराएवढा घेऊन जेवलो.

रविवारी सकाळी साखर दोनशे बारा. सोमवारी सकाळी एकशे शहात्तर.

डॉक्टरांनी पट्टी सोडून बराच वेळ पाहिलं. चिमट्यानं कडेला दाबलं, रक्त आलं. रक्त येणं चांगलं, असं सिस्टरनी मला खुणेनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आज काढत नाही."

मी विचारलं, "लोणचं बंद केल्यामुळं?"

"असं मी म्हणणार नाही. शुक्रवारी तुमचं जंतूंवरचं औषधही बदललं होतं. दोन्ही एकाच वेळी झालं. कशानं किती, ते सांगता येत नाही. लोणचं मात्र बंदच ठेवा."

हे उत्तर मी जसंच्या तसं देतो आहे. एकाच कारणाची गोष्ट सांगायला सोपी असते आणि ऐकणाऱ्यालाही आवडते. माझ्या बाबतीत कारणं दोन होती, आणि तिसरं, पहिल्यांदा मोजूनमापून जेवणारा मी.

इब्राहिमभाई माझ्या चार दिवस आधी घरी गेले. टाच भरत आली होती. निघताना म्हणाले, "पेपरवालं, पायाकडं रोज बघत जावा. तोंडाकडं कोण बी बघतंय." मी रोज बघतो. तळवा दिसावा म्हणून सुनंदानं हातआरसा न्हाणीघरात अडकवून ठेवला आहे.

घरातली चाचणी

घरी आल्यावर मॅडमना विचारून मी एक काम हाती घेतलं. रोज सकाळी नऊला तीच न्याहारी: ज्वारीची एक भाकरी आणि एक वाटी वांग्याची सुकी भाजी. खाण्याआधी साखर मोजायची, दोन तासांनी पुन्हा मोजायची, वाढ टिपायची. रोज तोंडीलावणं तेवढं बदलायचं. हे आकडे माझ्या एकट्याच्या शरीराचे आहेत, घरच्या यंत्राचे आहेत. दहा-पंधरा अंकांच्या फरकाला अर्थ देऊ नये, असं मॅडमनी बजावलं होतं. दुसऱ्या कुणी ते जसेच्या तसे उचलू नयेत.

नुसत्या भाकरी-भाजीनं वाढ अठ्ठेचाळीस. खर्डा घेतला त्या दिवशी सेहेचाळीस. कांदा-लसूण चटणी तेलात कालवून, चव्वेचाळीस. जवसाची चटणी एकोणचाळीस, दही एक्केचाळीस. म्हणजे हे सगळे एकाच ओळीतले धरायचे. टोमॅटो सॉस दोन चमचे: सहासष्ट. हा निकाल संशयाचा होता म्हणून दोन दिवसांनी पुन्हा घेतला, एकाहत्तर आला. भेळेवर घालतात ती चिंच-गुळाची चटणी: त्र्याऐंशी. तांबड्या रश्श्याची चाचणी बाद करावी लागली. वाटी एकच होती, पण भाकऱ्या तीन झाल्या. तो दोष रश्श्याचा नव्हता.

सुनंदा आकडे वाचायची आणि फ्रिज आवरायची. सॉसची बाटली आधी गेली. खर्ड्याचा दगडी खल ओट्यावर कायमचा आला.

काकवीतल्या लिंबाची चाचणी मी केली नव्हती. ते घरात नव्हतं.

आक्का परत येते

डिस्चार्जनंतर पाचव्या आठवड्यात आक्का न सांगता आली. सकाळचे साडेआठ वाजले होते. पिशवीतून तीच बरणी काढली.

"मुरगुडात सगळी म्हणत्यात, काकवीनं काय हुत न्हाय. डाक्टरनं आपली चूक लोणच्यावर ढकलली म्हणत्यात. माझ्या म्होरं मोज."

"आक्का, कशाला ते आता?" सुनंदा म्हणाली.

"मला बघायचंय."

मॅडमना फोन केला. त्यांनी एकदाच, दोन चमचे, एवढी परवानगी दिली. नऊला मोजलं, खाल्लं. दोन तास आक्का माझ्यासमोर खुर्चीवर बसून होती. भाजी निवडली नाही, टीव्ही लावू दिला नाही. मध्ये दोनदा पाणी मागून घेतलं आणि दोनदा उठून गेली. अकराला पुन्हा मोजलं. वाढ ब्याण्णव.

सुनंदानं वहीतला अठ्ठेचाळीसचा आकडा तिला दाखवला. आक्काला अंक वाचता येतात. तिनं दोन्हींवर बोट ठेवून पाहिलं.

"दुप्पट की रं."

"जवळपास."

"आणि तू रोज दहा चमचे खाल्लास."

"मी खाल्ले. तू वाढले नाहीस."

तिनं बरणीचं झाकण उघडलं आणि पुन्हा घट्ट लावलं. मग म्हणाली, "मी तर रोज दोन डाव काकवी खातो. सकाळी भाकरीसंगं." आणि बोट पुढं केलं. "माझं बी टोच की एकदा."

यंत्रानं दोनशे त्रेसष्ट दाखवलं. बरणी हाताळलेली होती, बोटाला काकवी लागली असण्याची शक्यता होती, म्हणून तिला साबणानं हात धुवायला लावले आणि दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. दोनशे एक्कावन्न.

"म्हंजे?" आक्कानं विचारलं.

सुनंदानं तिचा हात धरला आणि तिच्या शेजारी बसली. महिन्याभरापूर्वी ह्याच दोघी दारात उभ्या होत्या. सुनंदा म्हणाली, "म्हंजे आज जायचं न्हाय. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं. मी येते संगं."

"मला कुठं काय दुखतंय?"

"ह्यांना बी दुखत न्हवतं, आक्का."

प्रयोगशाळेच्या अहवालानं मधुमेहावर शिक्कामोर्तब केलं. आक्काला गोळ्या सुरू झाल्या. ती आठ दिवस आमच्याकडं राहिली. त्या आठ दिवसांत तिनं नुसत्या मिठात आणि मिरचीत लिंबं घातली. पहिल्या फोडीला तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हे लोणचं न्हाय, ही शिक्षा हाय." पण खाल्ली.

शेवटची तपासणी

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस मी दाखवायला गेलो, तेव्हा आक्काही मुरगूडहून आली होती. सुनंदानं दोघांच्या वह्या एकाच पिशवीत घेतल्या होत्या. सिस्टरनी माझी शेवटची पट्टी काढली, काढण्याआधी सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: जखम पूर्ण भरली आहे, चौथं बोट शाबूत.

मग त्यांनी खिशातून जाड नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा लावलेली काडी काढली; साखरेनं पायाची जाणीव किती गेली, ते तिनं बघतात. डोळे मिटायचे, दोरा तळव्याला टेकला की हो म्हणायचं. माझ्या डाव्या पायाला पाच ठिकाणी दोरा टेकवला, मला दोन ठिकाणी कळला. उजव्या पायाला तीन ठिकाणी. आयुष्यभर पायात बूट घालण्याआधी तो उलटा करून झटकायचा, असं त्यांनी सांगितलं.

"आता तुम्ही," ते आक्काला म्हणाले.

आक्कानं जोडवी काढून सुनंदाच्या हातात दिली, टेबलावर पाय पसरले आणि डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांनी दोन्ही तळव्यांवर मिळून दहा ठिकाणी दोरा टेकवला. आक्का दहा वेळा "व्हय" म्हणाली.